आधी मोजा, मग गाळा

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक भूजल गुणवत्ता अहवाल आला, तेव्हा दोन-चार दिवस बातम्या झाल्या आणि विषय मागे पडला. त्या अहवालात आपल्यासाठी एक महत्त्वाची नोंद आहे. भूजलात नायट्रेटचे प्रमाण सर्वाधिक चिंताजनक असलेल्या देशातील १५ जिल्ह्यांच्या यादीत बीड आहे. त्याच यादीत महाराष्ट्रातले आणखी सहा जिल्हे आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, जळगाव आणि यवतमाळ. म्हणजे १५ पैकी सात जिल्हे एकट्या महाराष्ट्रातले. राज्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. देशात हे प्रमाण साधारण २० टक्के आहे.

परळी तालुक्यातले धर्मापुरी हे गाव किल्ल्यासाठी आणि केदारेश्वराच्या जुन्या मंदिरासाठी ओळखले जाते. या भागात पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असतो: पाणी आले का? तो साहजिकही आहे. २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्यांनी हे दिवस पाहिले, ते बोअरला पाणी लागले की पेढे वाटतात. लागलेल्या पाण्यात काय आहे हे विचारणे त्या वेळी कुणाला सुचत नाही. आपल्या पिढीने आता हा दुसरा प्रश्न विचारायला हवा. हा लेख त्याबद्दल आहे, आणि त्या प्रश्नावर सांगितल्या जाणाऱ्या 'नैसर्गिक' उपायांबद्दलही आहे.

नायट्रेट म्हणजे काय, ते आधी पाहू. युरियासारख्या खतातला नत्र, गोठ्यातले शेण-मूत्र, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा, उघडी गटारे या सगळ्यांतला नत्र मातीतल्या जिवाणूंमुळे शेवटी नायट्रेट बनतो. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि मातीला चिकटून राहत नाही. त्यामुळे पिकाने उचलले नाही तर ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. आपल्याकडे जमिनीखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून ते विहिरीपर्यंत आणि बोअरपर्यंत पोहोचते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. काही घटकांसाठी 'दुसरा स्रोत नसेल तर' म्हणून हे मानक थोडी सूट देते. नायट्रेटसाठी अशी सूट नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. काचेसारखे नितळ पाणीसुद्धा मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट घेऊन येऊ शकते. आणि घरात पाणी शुद्ध करण्याचे जे उपाय आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, त्यातला एकही त्याला लागू पडत नाही. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, नायट्रेट तसेच राहते. टीसीएल पावडर टाकली तर जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. कँडलचा फिल्टर आणि अतिनील दिव्याचा फिल्टर यांचेही तेच. पाणी उकळले तर पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यात उरते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते.

सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असतो. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाची पावडर अशा पाण्यात कालवली, तर शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करते. बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. वेळेत लक्षात आले नाही तर जीव जाऊ शकतो. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीचे पाणी आणि बाळांचा हा आजार यांचा संबंध पहिल्यांदा मांडला. आई काळजी घ्यावी म्हणून पाणी उकळून पावडर कालवते आणि त्या काळजीनेच धोका वाढतो. अज्ञान किती महाग पडते, याचे याहून वेगळे उदाहरण नको.

आता उपायांकडे येऊ. मोबाइलवर रोज काहीतरी येत असते: केळीच्या सालीने पाण्यातले शिसे जाते, शेवग्याच्या बियांनी पाणी शुद्ध होते, उसाच्या चोथ्याचा फिल्टर करा, भाताच्या तुसाने विष ओढून घ्या. हे सगळे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे खरे विज्ञान आहे. घोटाळा होतो तो 'पाणी शुद्ध होते' या तीन शब्दांत. कशापासून शुद्ध होते, हे कुणी सांगत नाही.

शेवग्याचेच घ्या. नाईल नदीचे पुराचे गढूळ पाणी सुदानमधल्या बायका घरी बिया वाटून निवळत असत. जर्मन संशोधक सामिया अल अझारिया यान यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात त्याचा अभ्यास केला आणि शेवग्याच्या बियांचा हा गुण जगापुढे आला. बियांतल्या प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. गाळाला चिकटलेले बरेच जिवाणूही त्याबरोबर खाली जातात. आपल्याकडे हेच काम करणाऱ्या बीचे नावच 'निवळी' आहे. ती मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळून पाणी निवळण्याची रीत जुनी आहे. म्हणजे गढूळ पाण्यावर हा खरा, स्वस्त आणि घरगुती उपाय आहे. फक्त पाणी एका दिवसात वापरावे लागते, कारण बियांतला सेंद्रिय भाग त्यात उतरतो आणि पाणी नासते. पण बोअरचे पाणी मुळात गढूळ नसतेच. त्यात जे आहे ते विरघळलेले आहे. साखर विरघळलेल्या पाण्यात शेवग्याच्या बिया टाकून साखर तळाला बसेल का? नायट्रेटही बसत नाही.

दुसरा प्रकार सालींचा, तुसाचा आणि चोथ्याचा. याला जैव-अधिशोषण म्हणतात. वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींवर काही रासायनिक गट असतात, कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल हे त्यातले मुख्य. साधारण पाण्यात त्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. शिसे, कॅडमियम, तांबे हे धातू पाण्यात धन भार घेऊन फिरतात, म्हणून ते त्या पृष्ठभागाला चिकटतात. यासाठी वनस्पती जिवंत असण्याची गरज नाही. भुईमुगाची टरफले, चिंचोक्याची पूड, उसाचे चिपाड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, सगळे थोड्याफार प्रमाणात हे काम करतात. मुलामा देण्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या धातुयुक्त सांडपाण्यावर याचा विचार गंभीरपणे होतो, आणि तो योग्य आहे.

पण नायट्रेटवर भार कोणता? ऋण. चोथ्यावर कोणता? तोही ऋण. सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून बीडच्या विहिरीत जे सापडते आहे, त्याच्यावर कच्चा चोथा, साल किंवा तूस जवळजवळ निरुपयोगी आहे. चोथ्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याला धन भार देता येतो. मग तो नायट्रेट धरतो. पण मग ती 'घरगुती' गोष्ट राहिली नाही, ते रसायन झाले. शिवाय पाण्यातले सल्फेट आणि क्लोराइडही त्याच जागेसाठी भांडतात.

समजा तेही जमले. मग एक साधा हिशोब करून बघू. पाच माणसांचे घर, माणशी पिण्यासाठी रोज तीन लिटर, म्हणजे १५ लिटर. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि ते ४५ वर आणायचे आहे. म्हणजे लिटरमागे ५५ मिलिग्रॅम, दिवसाला ८२५ मिलिग्रॅम काढायचे. आपला प्रक्रिया केलेला चोथा ग्रॅममागे १० मिलिग्रॅम धरतो असे मानू. मग रोज साडेब्याऐंशी ग्रॅम चोथा लागेल, वर्षाला ३० किलो. पाच हजारांच्या वस्तीसाठी हाच आकडा रोज साडेब्याऐंशी किलो होतो. तो आणणार कोण, प्रक्रिया कोण करणार, भरलेला चोथा बदलणार कोण, आणि टाकणार कुठे? इन्स्टाग्रामवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत हा शेवटचा प्रश्न कधीच येत नाही.

तो प्रश्नच खरा आहे. अधिशोषणात विष नाहीसे होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. पाण्यातले शिसे चोथ्यात आले, चोथा उकिरड्यावर गेला, उकिरड्यावर पाऊस पडला, की ते पुन्हा विहिरीच्या वाटेला लागते. आणि प्रत्येक गाळणीला पोट असते. ते भरले की ती काम थांबवते, पण सांगत नाही. पाणी पहिल्या दिवशी जितके नितळ दिसत होते तितकेच शंभराव्या दिवशीही दिसते. काही वेळा पाण्याची आम्लता बदलली तर धरलेला धातू ती एकदम सोडूनही देते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बंद पडलेली यंत्रणा आमच्याकडे फार त्रास देत नाही, कारण ती बंद पडल्याचे सगळ्यांना दिसते. जी चालू दिसते आणि आतून चुकीचे उत्तर देते, ती खरी घातक. न मोजता वापरलेली गाळणी अशीच असते.

आपल्यातले कितीतरी तरुण अभियांत्रिकीला किंवा रसायनशास्त्रात एमएस्सीला आहेत. 'अमुक सालीच्या साहाय्याने तमुक धातू काढणे' हा प्रकल्प दरवर्षी कुठे ना कुठे होतोच. चंचुपात्रात शुद्ध केलेले पाणी, त्यात एकच क्षार, आम्लता आपल्या सोयीची, दोन तास ढवळायचे, आणि मग ९५ टक्के शुद्धीकरणाचा आलेख. हे शिकण्यासाठी चांगले आहे. पण गावातल्या पाण्यात एकच क्षार नसतो. ते जड असते, त्यात बायकार्बोनेट असते, कॅल्शियम असते, आणि ते सगळे त्याच जागा अडवतात. माझी या मित्रांना एक विनंती आहे. प्रकल्पासाठी पाणी तयार करू नका, आणा. आपल्या गावच्या बोअरचे आणा. आकडा ९५ वरून २० वर आला तरी तोच लिहा. तो २० गावाच्या जास्त कामाचा आहे.

फ्लोराइडचेही थोडे सांगायला हवे, कारण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत तो मोठा प्रश्न आहे. दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे जखडतात. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुन्याची 'नलगोंडा पद्धत' यासाठीच विकसित केली. जैविक पदार्थांपैकी फ्लोराइडवर खरोखर चालतो तो हाडांचा कोळसा. जनावरांची हाडे कमी हवेत भाजली की त्यातले कॅल्शियम फॉस्फेट फ्लोराइडला धरते. केनियात नाकुरू भागात याचे फिल्टर वर्षानुवर्षे वापरात आहेत. पण आपल्याकडे हे सुचवले की पहिला प्रश्न येईल: हाडे कोणत्या जनावराची? शाकाहारी शेजारी विचारतील, आपले बुजुर्गही हलाल-हरामच्या अंगाने विचारतील. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जे पाणी लोक मनाने स्वीकारत नाहीत, ते पाणी शुद्ध असूनही कुणी पीत नाही. फिल्टर कोणता बसवायचा, हे ठरवताना प्रयोगशाळेइतकेच चावडीवरचे आणि मशिदीच्या ओट्यावरचे मतही ऐकावे लागते.

मग नायट्रेटवर जैविक उपाय आहेच नाही का? आहे. पण तो पकडण्याचा नाही, खाऊ घालण्याचा आहे. काही जिवाणू हवेतला ऑक्सिजन मिळाला नाही की नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेल्या नत्राचा वायू करून सोडून देतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के हाच वायू आहे. म्हणजे इथे विषाची जागा बदलत नाही, बहुतांश विष संपते. या जिवाणूंना खाद्य म्हणून कार्बन लागतो, आणि तो लाकडाच्या तुकड्यांतून मिळतो. ज्या आयोवात कॉमलींनी निळ्या पडलेल्या बाळांची नोंद केली, तिथेच आज शेतातून निघणारे पाणी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या लांब चरातून सोडतात आणि मग ओढ्यात जाऊ देतात. वीज लागत नाही. लाकूड हळूहळू कुजते, पण एकदा भरलेला चर दहा वर्षांच्या आसपास काम देतो.

आपल्याकडे काय आहे? पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, उसाचे चिपाड आहे, बाभळीच्या फांद्या आहेत. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. जो ऊस तोडायला आपली माणसे सहा-सहा महिने घर सोडतात, त्याचे चिपाड नायट्रेटच्या जिवाणूंचे खाद्य होऊ शकते. कडब्यासारखा मऊ माल लवकर कुजून जातो, कठीण लाकूड जास्त टिकते. कोणते मिश्रण आपल्या उन्हात आणि आपल्या पाण्यात किती दिवस चालते, हे मोजण्याचे काम परभणीचे कृषी विद्यापीठ आणि अंबाजोगाईसारख्या ठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या आवाक्यातले आहे. प्रकल्पाला विषय शोधणाऱ्या मित्रांनो, हा घ्या.

मात्र हाही उपाय कुठे लावायचा ते नीट समजून घ्या. तो स्वयंपाकघरातला फिल्टर नाही. अशा चरातून सुरुवातीला चहासारखे तांबडे पाणी येते, त्यात जिवाणू असतात, आणि प्रक्रिया अर्धवट राहिली तर नायट्राइट उरते, जे नायट्रेटपेक्षाही वाईट. पाणी फार वेळ साचून राहिले तर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून त्याची जागा आहे सांडपाण्याच्या वाटेवर: नाल्याच्या तोंडाशी, शेताच्या उतारावर, सांडपाणी जमिनीत मुरण्याच्या आधी. पेल्यातले पाणी त्याने लगेच सुधारणार नाही. पुढच्या दहा वर्षांत विहिरीत उतरणारे पाणी सुधारेल. नीरीची 'फायटोरिड' पद्धत, म्हणजे खडी आणि कर्दळीसारख्या पाणवनस्पतींतून सांडपाणी फिरवणे, हीसुद्धा त्याच जागेची आहे. गावाच्या गटाराला शेवट नाही, तो थेट ओढ्यात किंवा पडीक जागेत मुरतो. तिथे असे काही उभे राहिले तर गावाची विहीर वाचते.

आणि काही उपायांना तर ना चोथा लागतो ना लाकूड. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान पंधरा-अठरा मीटर दूर असावा असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या भेगाळ पाषाणात तेवढे अंतरही नेहमी पुरत नाही, म्हणून जितके लांब तितके बरे. विहिरीच्या वरच्या बाजूचा उकिरडा हलवायला कुणाची परवानगी लागत नाही. युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत दिला तर पीकही खाते आणि शेतकऱ्याचे पैसेही वाचतात. हे सांगताना बोट दाखवण्याचा सूर नको. जमिनीखालचे पाणी कुणाच्या मोहल्ल्याच्या आणि वस्तीच्या सीमा ओळखत नाही. माझ्या शोषखड्ड्यातले तुमच्या बोअरमध्ये येते आणि तुमच्या शेतातले माझ्या.

इथे बांगलादेशाची आठवण ठेवायला हवी. तिथे तळ्यांच्या दूषित पाण्याने मुले जुलाबाने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून सरकारने युनिसेफच्या मदतीने लाखो कूपनलिका खणवल्या. हेतू चांगला होता, जंतूंचा प्रश्न खरेच कमी झाला. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी मोजले नाही. १९९३ मध्ये ते सिद्ध झाले, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. कुश्तियाचे अबुल हुसाम अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आर्सेनिक अचूक मोजण्याची पद्धत बसवली आणि आपल्या घरच्या विहिरी तपासल्या, तर त्याच दूषित निघाल्या. मग त्यांनी लोखंडाचा विशेष थर, वाळू, विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा यांचा 'सोनो' फिल्टर तयार केला. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्याला दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक दिले. बातम्यांत फिल्टर गाजला. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी मोजले. गाळणी नंतर आली.

कुणी म्हणेल, एवढे कशाला, आरओ बसवला की झाले. आरओने नायट्रेट खरेच कमी होते, आणि ज्या घरात बाटलीवरचे बाळ आहे तिथे ते आजच्या आज उपयोगाचे आहे. पण आरओ जे पाणी बाहेर टाकतो, त्यात सगळे नायट्रेट दाटून उतरते आणि ते आपण पुन्हा त्याच जमिनीत मुरवतो. वीस लिटरच्या जारचे पाणी विकणाऱ्याने पडदा कधी बदलला, हे आपण विचारत नाही. आणि जो मजूर जार घेऊ शकत नाही, त्याच्या बाळासाठी गावाकडे काय उत्तर आहे? पैसेवाल्याने स्वतःची सोय करून घेतली की गावच्या विहिरीचा वाली कुणी उरत नाही.

म्हणून धर्मापुरीतल्या आणि अशा प्रत्येक गावातल्या तरुणांसमोर काही कामे ठेवतो. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

पहिले, गावातल्या पिण्याच्या स्रोतांची यादी करा. ग्रामपंचायतीची विहीर, हातपंप, जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, मशिदीचे बोअर, मदरशाचे वसतिगृह, मंदिराची विहीर, सगळे त्यात घ्या. आपल्यापुरती यादी करू नका.

दुसरे, आहे ती माहिती मागा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना साध्या किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरलेले आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, किट आहे का, मुदत संपलेले तर नाही, हे ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामपंचायतीला मिळणारे हिरवे, पिवळे, लाल कार्ड स्रोताभोवतीच्या स्वच्छतेवर आणि साथीच्या जोखमीवर दिले जाते. हिरवे कार्ड आहे म्हणजे नायट्रेट नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरे, किटचा रंग हा अंदाज समजा आणि खात्रीसाठी नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली, काठोकाठ भरलेली, थंड ठेवलेली, आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवलेली. बाटलीवर स्रोताचे नाव, तारीख, वेळ. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर, कारण पाऊस नायट्रेट खाली नेतो आणि आकडा बदलतो.

चौथे, आकडा लपवू नका आणि त्याची भीतीही पसरवू नका. मराठीत आणि उर्दूत एका कागदावर लिहा, ग्रामपंचायतीच्या आणि मशिदीच्या फलकावर लावा. सोबत दोन गोष्टी ठळक लिहा. एक, हे पाणी वुजूला, अंघोळीला, कपड्यांना चालते, कारण धोका पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे. म्हणजे सगळ्या गावाचे सगळे पाणी बदलायचे नाही, माणशी तीन लिटरची आणि स्वयंपाकाच्या पाण्याची सोय करायची आहे. हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा लहान आहे. दोन, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध द्या. आईच्या दुधातून बाळापर्यंत हा धोका तसा पोहोचत नाही. बाटलीची वेळ आलीच तर तपासलेल्या स्रोताचे पाणी वापरा, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.

पाचवे, ग्रामसभेत एकच मागणी घेऊन जा: पिण्यासाठी निदान एक सुरक्षित स्रोत, आणि त्याच्या वरच्या बाजूला शोषखड्डा, उकिरडा, गटार नको. मग नाल्याच्या तोंडाशी लाकडाचा चर किंवा पाणवनस्पतींची वाफ, हे महाविद्यालयाला सोबत घेऊन प्रयोग म्हणून करा. आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी मोजा. वर्षभर वही ठेवा. चालले नाही तर तेही लिहा.

बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली आहे, निजामशाहीच्या काळातली. ज्यांनी ती खोदली त्यांनी जमिनीखालचे पाणी शोधण्याची आणि उतारावर वाहून नेण्याची विद्या पणाला लावली. त्यांच्यापुढे प्रश्न होता पाणी मिळवण्याचा, तो त्यांनी सोडवला. जमिनीखालचे पाणी त्यांच्या काळी स्वच्छ होते. ते बिघडवले आपल्या काळाने, म्हणून ते मोजण्याची आणि सुधारण्याची जबाबदारीही आपल्याच काळाची. पाणी ही अमानत आहे असे आपण बोलताना म्हणतो. अमानत परत करताना ती मोजून दिली जाते.

चोथा, साल, बिया, कोळसा, लाकूड, जिवाणू, यातले प्रत्येक आपापल्या जागी कामाचे आहे. गढूळ पाण्याला निवळी, शिशाला चोथा, फ्लोराइडला हाडांचा कोळसा, सांडपाण्यातल्या नायट्रेटला लाकूड आणि जिवाणू. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरने तपासल्याशिवाय गोळी दिली तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. गावाच्या पाण्याला मात्र आपण मोबाइलवर आलेली गोळी देतो. येत्या मे महिन्यात तुमच्या गावातून किमान एक बाटली प्रयोगशाळेत जाऊ द्या. त्या कागदावर जो आकडा येईल, त्याच्यावरून उपाय ठरवा.